कागद एकाचा, शब्द दुसऱ्याचे : संदेशांचे सार्वजनिक संग्रह, स्वामित्वहक्क आणि संमती

पत्र पोहोचले की कागद ज्याला पाठवले त्याचा होतो. त्यावरील शब्द मात्र लिहिणाऱ्याचेच राहतात. भारतासह अनेक देशांच्या कायद्याने हा भेद मान्य केला आहे. जो नियम शाईच्या पत्राला, तोच ई-मेलला आणि एकाच वेळी अनेकांना धाडलेल्या संदेशालाही लागू पडतो. असे असूनही गेल्या काही दशकांत कोट्यवधी संदेश लिहिणाऱ्यांना न विचारता साठवले गेले, त्यांच्या सूची झाल्या आणि ते साऱ्या जगाला वाचण्यास खुले झाले. त्यांतील काही आज इतिहासाचे अस्सल साधन मानले जातात, तर काहींनी लिहिणाऱ्यांना कायमचे अडचणीत टाकले आहे.

या विषयात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रश्न कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा : मजकुराची प्रत काढण्याचा आणि तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाचा? दुसरा प्रश्न संमतीचा : ज्याने लिहिले, किंवा ज्याच्याविषयी लिहिले गेले, त्याला हा मजकूर सर्वांसमोर येणे मान्य आहे काय? स्वामित्वहक्क ही मालमत्ता आहे. ती विकता येते, वारसाने मिळते आणि ठराविक मुदतीनंतर संपते. संमतीचा संबंध माणसाच्या खाजगीपणाशी आहे. त्यामुळे एकीचे उत्तर मिळाले म्हणून दुसरीचे मिळत नाही.

पोप यांची फिर्याद

या भेदाचा उगम इंग्लंडमधील १७४१ च्या एका निवाड्यात आहे. कवी अलेक्झांडर पोप आणि 'गलिव्हर'कार जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार लंडनचे प्रकाशक एडमंड कर्ल यांनी परस्पर छापून विक्रीस आणला. पोप यांनी चान्सरी न्यायालयाकडे धाव घेतली. १७१० मध्ये अमलात आलेला राणी अ‍ॅनच्या काळातील कायदा पुस्तकांना संरक्षण देत होता. पत्र हे पुस्तक नव्हे, ती दुसऱ्याला दिलेली भेट आहे, असा बचाव कर्ल यांच्या बाजूने मांडण्यात आला. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी तो नाकारला. पत्र मिळालेल्या व्यक्तीकडे फार तर कागदाची मालकी जाते, पत्र जगापुढे छापण्याचा परवाना तिला मिळत नाही, असे त्यांनी ठरवले.

निवाड्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो, पण तो अधिक महत्त्वाचा आहे. मनाई हुकूम कायम झाला तो केवळ पोप यांनी लिहिलेल्या पत्रांपुरता. पोप यांना आलेली पत्रे त्यातून वगळण्यात आली, कारण त्यांचे लेखक पोप नव्हते. एकाच पुस्तकातील संवादाचे असे दोन भाग पडले. संवाद दोघांचा असला तरी प्रत्येक पत्राचा हक्क ते लिहिणाऱ्यापुरताच असतो, हे तत्त्व तेव्हापासून रूढ आहे. दोन माणसांच्या पत्रव्यवहारात हे सोपे वाटते. शेकडो लोकांनी एकमेकांना दिलेल्या उत्तर-प्रत्युत्तरांच्या संग्रहात मात्र शेकडो हक्कदार असतात, आणि त्यांतील कोणा एकाची परवानगी इतरांच्या वतीने चालत नाही.

पोप यांची नाराजी निर्मळ नव्हती, हेही नमूद करणे योग्य. १७३५ मध्ये त्यांच्या पत्रांचा संग्रह कर्ल यांनीच छापला होता, आणि ती पत्रे कर्ल यांच्या हाती पडावीत अशी गुप्त व्यवस्था खुद्द पोप यांनीच केली होती, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. आपली पत्रे प्रसिद्ध व्हावीत अशी इच्छा असलेल्या माणसालाही ती कोणी, केव्हा आणि कशा रूपात प्रसिद्ध करावीत हे स्वतः ठरवायचे असते.

अमेरिकेत १८४१ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्यासमोर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रांचा वाद आला. एका चरित्रकाराने आधीच्या बारा खंडांतून ३५३ पृष्ठे जशीच्या तशी उचलली होती. पत्रे राष्ट्राध्यक्षांची असली तरी त्यांवर लेखकाचा आणि त्याच्याकडून हक्क घेणाऱ्यांचा अधिकार आहे, असे न्यायमूर्तींनी सांगितले. अमेरिकी कायद्यातील 'वाजवी वापर' या कल्पनेचे मूळही याच निकालात शोधले जाते.

भारतीय कायद्याची भूमिका

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यानुसार मूळ साहित्यकृती निर्माण होताच तिच्यावर हक्क उत्पन्न होतो. नोंदणीची किंवा वर्तुळातल्या 'सी' या खुणेची अट नाही. 'साहित्यकृती' या शब्दाला येथे वाङ्मयीन मूल्य अभिप्रेत नाही. साधे घरगुती पत्रही त्यात मोडते. मात्र मजकुरात लेखकाची थोडी तरी निर्मिती दिसली पाहिजे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जनशीलता हवी, असे म्हटले. 'ठीक आहे, उद्या भेटू' एवढ्याच संदेशावर कोणी हक्क सांगू शकणार नाही. दोन परिच्छेदांचा युक्तिवाद मांडणाऱ्या संदेशाची गोष्ट वेगळी.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, मग ते पूर्ण हस्तांतर असो की केवळ वापराचा परवाना. २०१२ च्या दुरुस्तीने परवान्यावरील सहीची अट काढली, लेखी स्वरूपाची अट ठेवली. नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, अन्य करार नसल्यास, लेखक नसून मालक असतो. शासकीय लेखनाच्या बाबतीत तो शासन असते.

मुदतीचा हिशोब अनेकांना चकवतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ मधील, त्यामुळे विश्वभारतीकडील हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या वेळी कायदा दुरुस्त होऊन दहा वर्षे वाढली. महात्मा गांधींच्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेकडे होते. गांधीजींच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २००८ अखेर मुक्त झाले.

पत्रांचे मात्र असे नाही. पत्रे बहुधा लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध होतात, आणि अशा लेखनाची साठ वर्षे निधनापासून नव्हे, तर पहिल्या प्रकाशनापासून मोजली जातात. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले. त्यांची पत्रे त्यानंतर निवडक खंडांतून वाचकांपर्यंत आली. त्या खंडांतून प्रथमच छापल्या गेलेल्या प्रत्येक पत्राचे घड्याळ तो खंड निघाला तेव्हापासून सुरू झाले. मराठी वाचकांना ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट येथे आठवते. सुनीता देशपांडे यांना जी. एं.नी लिहिलेली पत्रे या खंडांत आहेत, तर सुनीताबाईंनी जी. एं.ना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी. ए.' या स्वतंत्र पुस्तकात. एका संवादाची दोन पुस्तके, दोन लेखक. पोप यांच्या निवाड्यातील विभागणी मराठी पुस्तकांच्या कपाटात अशी सहज दिसते.

जे पत्र कधीच छापले गेले नाही त्याचे काय? त्याची साठ वर्षे सुरूच होत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाचे अप्रकाशित पत्र आजही हक्काखाली असू शकते. ही कोंडी फोडण्यासाठी कायद्यात एक अपवाद आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची प्रत संशोधनासाठी, अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने काढता येते. मात्र लेखक कोण हे संस्थेला ठाऊक असेल, तर त्याच्या निधनाला साठ वर्षे उलटलेली असली पाहिजेत. त्यापूर्वी वारसांना विचारणे भाग आहे.

वारस सापडत नसतील तर? लेखक मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असल्यास सक्तीचा परवाना मागता येतो. त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. भारतीय भाषेतील दैनिकात ती द्यावी लागते ती अनुवादाच्या अर्जासाठी. साताऱ्याच्या एखाद्या शिक्षकाने मराठीत लिहिलेल्या पत्रांचे वारस त्या इंग्रजी जाहिरातीने सापडतील अशी कायद्याची अपेक्षा दिसते!

ग्रंथालयांना आणखी एक सवलत २०१२ मध्ये मिळाली. ज्या साहित्याची कागदी प्रत आधीच ताब्यात आहे, ती जतनासाठी संगणकावर साठवण्यास बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला मुभा आहे. शब्द 'साठवणे' असा आहे. साठवलेले इंटरनेटवर सर्वांना खुले करणे ही वेगळी कृती आहे. शिवाय जो संदेश मुळात संगणकावरच जन्मला त्याची कागदी प्रत कोठून आणायची, याचे उत्तर या कलमात नाही.

संस्थेला मिळते काय?

पत्रे अभिलेखागारात येतात ती बहुधा ज्यांना लिहिली गेली त्यांच्या घरातून. देणगीदार कागद देतो. शब्दांचा हक्क त्याच्याकडे नसतोच, तर तो देणार कसा? लेखकाने आपले अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कोणाला दिले, तर उलट इच्छा नमूद नसल्यास त्यासोबत स्वामित्वहक्कही जातो असे भारतीय कायदा मानतो, पण ते लेखक स्वतः हक्कदार असेल तेवढ्यापुरतेच. आजोबांना आलेली पत्रे नातवाने संस्थेला दिली, तर संस्थेला मिळतो तो कागद, आणि संशोधकाला तो दाखवण्याची सोय.

हा फरक किती महाग पडू शकतो हे जे. डी. सॅलिंजर यांच्या प्रकरणात दिसले. इयन हॅमिल्टन यांनी त्यांचे चरित्र लिहिताना अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवलेल्या पत्रांचा आधार घेतला होता. ती पत्रे कोणीही अभ्यासक तेथे जाऊन वाचू शकत होता. प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या सॅलिंजर यांनी आपल्या ७९ अप्रकाशित पत्रांची नोंदणी केली आणि दावा लावला. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने मनाई दिली. अवतरणेच नव्हे, पत्रांच्या शब्दकळेशी फार जवळ जाणारे सारांशही अडचणीत आले. हॅमिल्टन यांना पुस्तक नव्याने लिहावे लागले. ते १९८८ मध्ये निघाले. या निकालाने चरित्रकारांमध्ये एवढी धास्ती पसरली की, लेखन अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने वाजवी वापर नाकारता येणार नाही, अशी दुरुस्ती १९९२ मध्ये अमेरिकी कायद्यात करण्यात आली.

पुढे १९९९ मध्ये लेखिका जॉइस मेनार्ड यांनी त्यांना आलेली सॅलिंजर यांची पत्रे लिलावात विकली. १ लाख ५६ हजार ५०० डॉलर देऊन ती घेणारे उद्योजक पीटर नॉर्टन यांनी ती सॅलिंजर यांना परत करण्याची तयारी दाखवली. विक्री पूर्णपणे कायदेशीर होती. विकणाऱ्या व्यक्तीला किंवा खरेदीदाराला त्यांतील मजकूर छापता मात्र आला नसता.

सॅलिंजर यांनी स्वामित्वहक्काचा दावा लावला तो खरे तर आपले खाजगी आयुष्य झाकण्यासाठी. मालमत्तेचा कायदा खाजगीपणाचे काम करण्यास असा वारंवार जुंपला जातो, आणि ते काम त्याला नीट जमत नाही. त्या खटल्यामुळेच पत्रांतील मजकूर न्यायालयाच्या कागदपत्रांत गेला आणि वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला.

चुंबकीय फितींवरील वीस लाख संदेश

छापील पत्रांच्या काळात प्रसिद्ध करण्यासाठी कोणीतरी हेतुपुरस्सर निर्णय घ्यावा लागे. संगणकावरील संदेशांनी ही स्थिती उलटी केली. आता न ठेवण्यासाठी निर्णय घ्यावा लागतो. या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण यूजनेट ही संदेशव्यवस्था होय.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी तिची कल्पना मांडली. एका संगणकावर लिहिलेला संदेश दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे, तेथून तिसऱ्याकडे जाई. जागा महाग असल्याने प्रत्येक ठिकाणी तो काही दिवस किंवा आठवडे राहून पुसला जाई. लिहिणाऱ्यांनी याच समजुतीने लिहिले. तंत्रज्ञानावरील चर्चा होत्या, तसेच आजार, नोकरी, श्रद्धा आणि राजकारण यांवरील मोकळे बोलणेही होते. चावडीवर बोललेल्या शब्दासारखे हे शब्द विरून जाणार होते.

कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात काम करणारे हेन्री स्पेन्सर यांनी मात्र १९८१ पासून हे संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. १९९१ पर्यंत १४१ फिती आणि सुमारे वीस लाख संदेश जमले. त्यासाठी कोणाचीही संमती घेतलेली नव्हती आणि घेणे शक्यही नव्हते. १९९५ मध्ये डेजा न्यूज या कंपनीने नवे संदेश पद्धतशीर साठवून शोधण्याची सोय दिली. गुगलने फेब्रुवारी २००१ मध्ये हा संग्रह विकत घेतला, त्यात स्पेन्सर यांच्या फिती आणि इतरांकडील साठे मिळवले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वीस वर्षांचे ७० कोटींहून अधिक संदेश खुले केले.

महाविद्यालयात असताना कोणी रागाच्या भरात लिहिलेले चार शब्द आता त्याच्या नावाने शोधता येऊ लागले. शोधणारा भावी मालक असेल, शेजारी असेल. संदेश पूर्वीही सार्वजनिक होताच, हे खरे. पण ज्या दिवसांपुरता तो सार्वजनिक होता ते दिवस संपले होते. अनेकांच्या हाती जाणे आणि कायम जगासमोर राहणे यांत फरक आहे, आणि पहिल्यासाठी दिलेली मूक संमती दुसऱ्यासाठीही दिली गेली असे मानणे हा सोयीचा तर्क आहे.

साठवणाऱ्यांनी काही मार्ग ठेवले. संदेशाच्या शीर्षभागात 'संग्रह नको' अशा अर्थाची ठराविक ओळ घातली तर डेजा न्यूज तो संदेश साठवत नसे. आपला जुना संदेश काढून टाकण्याची विनंतीही करता येई. मात्र ही ओळ डेजा न्यूज अस्तित्वात आल्यानंतरची. १९८३ मध्ये लिहिणाऱ्याला ती ठाऊक असणार कशी? आणि मूळ संदेश काढला तरी ज्यांनी उत्तर देताना तो उद्धृत केला, त्यांच्या संदेशांत त्याचे तुकडे राहतच. ते संदेश त्यांचे होते. ते काढण्याचा अधिकार पहिल्या लेखकाला नव्हता. पोप यांच्या वेळची अडचणच येथे उलट्या बाजूने पुढे आली.

अमेरिकी न्यायालयांसमोर हे प्रश्न आले तेव्हा २००६ मध्ये दोन निकाल लागले. नेव्हाडातील एका वकील-लेखकाने आपल्या संकेतस्थळावरील ५१ लेखनकृतींच्या प्रती गुगलने साठवल्या म्हणून दावा केला. प्रत साठवू नये अशी सूचना देण्याचा सर्वज्ञात मार्ग उपलब्ध असताना लेखकाने तो जाणूनबुजून वापरला नाही, त्यामुळे त्याच्या वागण्यातूनच परवाना मिळाला, असे न्यायालयाने म्हटले. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या प्रकरणात यूजनेट संदेशांच्या संग्रहावरच आक्षेप होता. यंत्राने आपोआप केलेल्या साठवणीत मालकाची प्रत काढण्याची इच्छाशक्ती दिसत नाही, म्हणून ते थेट उल्लंघन ठरत नाही, असा निर्णय झाला आणि २००७ मध्ये अपिलातही तो टिकला.

दोन्ही निकाल इंटरनेटचा व्यवहार चालू ठेवण्याच्या दृष्टीने समजण्याजोगे आहेत. त्यांचा परिणाम असा की, मौन म्हणजे होकार हे सूत्र संगणकांच्या जगात पक्के झाले. भारतात परवाना लेखी हवा असे कलम असल्याने हे सूत्र येथे तसेच्या तसे चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

एनरॉनच्या टपालपेट्या

स्वामित्वहक्क आणि संमती या खरोखरच दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे एनरॉन प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेली ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेच्या पश्चिम भागातील वीजबाजारातील गैरव्यवहाराची चौकशी करताना तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये कंपनीचे ई-मेल इंटरनेटवर जाहीर केले. पुढे विद्यापीठांनी त्यांची नीट मांडणी केली. त्यातून सुमारे १५० कर्मचाऱ्यांचे सुमारे पाच लाख संदेश संशोधकांच्या हाती आले.

कामाच्या संदेशांचे हक्क कर्मचाऱ्यांचे नव्हतेच, ते कंपनीचे. त्यामुळे स्वामित्वहक्काच्या आधारे त्यांना फारसे बोलता येत नव्हते. पण त्या टपालपेट्यांत घरचे निरोप, पैशाचे व्यवहार, कौटुंबिक कलह हेही होते. बहुसंख्य कर्मचाऱ्यांचा गैरव्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता. काहींच्या विनंतीवरून काही संदेश नंतर काढण्यात आले. दरम्यान नको असलेले टपाल ओळखण्यापासून भाषेच्या संगणकीय विश्लेषणापर्यंत असंख्य प्रयोग याच साठ्यावर झाले, कारण खऱ्या माणसांचा खरा पत्रव्यवहार एवढ्या प्रमाणात दुसरीकडे खुला नव्हता. तो का नव्हता, याचे कारण उघड आहे. अन्यत्र लोकांना विचारावे लागले असते.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दुसरी वाट धरली. २०१० मध्ये ट्विटर कंपनीने आपल्या सर्व सार्वजनिक संदेशांचा साठा तिला देऊ केला. देणगी कंपनीची होती, लिहिणाऱ्यांची नव्हे. संस्थेने तो स्वीकारला, पण वाचकांना खुला केला नाही. २०१७ च्या अखेरीस, यापुढे निवडक संदेशच घेतले जातील आणि जमलेला साठा तूर्त बंदच राहील, असे तिने जाहीर केले. बारा वर्षांचे संदेश कुलुपात राहिले. जतन करणे आणि खुले करणे हे दोन निर्णय वेगवेगळ्या वेळी घेता येतात, हे त्यातून दिसते.

भारतातील खाजगीपणाचा हक्क

ऑटो शंकर प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीच्या खाजगी बाबी तिच्या संमतीविना प्रसिद्ध करता येणार नाहीत असे म्हटले, मात्र सार्वजनिक दस्तऐवजांवर आधारलेल्या मजकुराला त्यातून सूट दिली. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अमलात येण्यासाठी नियमांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

संग्रहांच्या दृष्टीने या कायद्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. तसेच संशोधन, अभिलेखन आणि सांख्यिकी यांसाठी सूट आहे. अट एवढी की, त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत. पहिल्या तरतुदीत 'स्वतःहून' हा शब्द कळीचा आहे. पन्नास जणांना पाठवलेला संदेश सार्वजनिक म्हणायचा काय? आणि त्या संदेशात शेजाऱ्याच्या आजाराविषयी लिहिले असेल, तर ती माहिती शेजाऱ्याने स्वतःहून दिलेली नाही. लिहिणाऱ्याची संमती मिळाली तरी ज्याच्याविषयी लिहिले त्याची उरतेच.

येथे आणखी एक पेच आहे. खाजगीपणा जपण्यासाठी संग्राहक नावे वगळतात. पण कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला आपल्या लेखनाचे कर्तृत्व सांगण्याचा आणि त्याची विटंबना रोखण्याचा विशेष हक्क दिला आहे. एकाला नाव नको असते. दुसऱ्याने कष्टाने लिहिलेले उत्तर बिननावाचे झाले तर तो दुखावतो. दोघांचे संदेश एकाच संग्रहात असतात.

विचारले असते तर

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून वाड्यांतील दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. पत्रे लिहिणारे कारकून, वकील आणि सरदार कधीच काळाआड गेले होते. दप्तर दाखवायचे की नाही हे त्यांचे वंशज ठरवत. दप्तरांतील गुप्त खलबते शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून लिहिणाऱ्यांनी काळजी घेतलेली असे. तीच पत्रे आज मराठेशाहीच्या इतिहासाचा कणा आहेत. काळ हा तेथे संमतीचा पर्याय ठरला. मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी छापलेले पत्र कोणाची नोकरी घालवत नाही.

म्हणूनच जबाबदार अभिलेखागारे काळाचा उपयोग करतात. खाजगी कागदपत्रे स्वीकारताना कोणती पत्रे किती वर्षे बंद राहतील हे लेखी ठरते, लेखक हयात असल्यास त्याच्याकडून स्वतंत्र परवानगी मागितली जाते आणि आक्षेप आल्यास मजकूर मागे घेण्याची रीत ठेवली जाते. नव्याने संदेश जमवणाऱ्याला तर अधिक सोपे आहे. लिहिण्यापूर्वीच संग्रह कोठे, किती काळ आणि कोणाला खुला राहील हे सांगितले, तर पुढचे बरेच वाद उद्भवत नाहीत. अडचण जुन्या साठ्यांची आहे.

स्पेन्सर यांच्या फितींचे पुढे काय झाले, ते यासंदर्भात पाहण्याजोगे आहे. त्यांतील मजकूर इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या संकेतस्थळावर अनेक वर्षे कोणालाही उतरवून घेण्यास खुला होता. त्यातील काही संदेश काढून टाकावेत अशा कायदेशीर मागण्या सातत्याने येत राहिल्या. निवडक संदेश काढले तर खर्च वाढतो आणि ऐतिहासिक साधनात फेरफार केल्याचा आरोपही येतो, अशा पेचात सापडलेल्या संस्थेने २०२० मध्ये तो संपूर्ण संग्रहच तेथून हटवला. गुगलने फेब्रुवारी २०२४ मध्ये यूजनेटवर नवे संदेश पाठवण्याची सोय बंद केली, जुने संदेश मात्र वाचण्यास ठेवले. मूळ १४१ फितींवर ज्यांचे शब्द आहेत त्यांतील अनेक जण आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क त्यांच्यानंतर वारसांकडे जाईल आणि आणखी काही दशके चालू राहील.